कच्चा हाफिज

ह्याईले लोक कच्चा हाफिज म्हणत, सुभद्रे, हे तुले ठाऊक आहे. परवा ह्याईच्या मयतीत बी एक जण म्हणे, "कच्चा असन, पण माणूस चांगला होता." मले असं वाटलं का उठावं अन् त्याच्या तोंडात मूठभर सरकी कोंबावी. मेल्याले कुराणातल्या चार ओळी धड येत नाहीत, अन् तो माह्या माणसाले कच्चा म्हणते. घर पाहुण्याईनं भरलं होतं, म्हणून गप बसली. आज तू निवांत बसून इचारून राहिली, त सांगते. आमच्या घरात बोलणं सगळं उर्दूत होये, पण तुले तुह्या बोलीत सांगते.

हाफिज म्हणजे ज्याले पुरं कुराण तोंडपाठ आहे तो. रमजानात मशिदीत पुढं उभं राहून रोज थोडं थोडं करत ते सगळं ऐकवायचं असते. पाठ करणं कठीण आहेच, पण पाठ ठेवणं त्याहून कठीण. त्यासाठी जोडीदार लागते. दोघं समोरासमोर बसतात. एक म्हणते, दुसरा ऐकते, चुकला का टोकते, मंग पाळी बदलते; ह्याले दौर म्हणतात. ऐकणारा नसला का भला भला हाफिज घसरते, अन् त्याचं त्याले समजत बी नाही. सगळं घोडं तिथंच पेंड खाते.

आमी जातीचे पिंजारी. माहा सासरा अकोटात घरोघर कापूस पिंजत फिरे, गाद्या-रजया भरे. इनायतुल्ला, म्हणजे हे, त्याचा थोरला, त्याच्या पाठची सितारा. मशिदीच्या पडवीत बडे हाफिजजी पोट्ट्याईले शिकवत. हे लहानपणी तिथं बाहेर बसून ऐकत, तर त्याईनंच आत बोलावलं. लोक म्हणत, "पिंजाऱ्याच्या पोट्ट्याले कायले इतकं शिकवता? गाद्याच त भरन तो." हाफिजजी म्हणत, "गाद्या भरता भरता म्हणन. तुमचं काय जाते?" ह्याईची माय मेली तवा त्या माणसानं ह्याईले आपल्या ताटात जेवू घातलं. बापानं केलं नसतं इतकं केलं. म्हणून हाफिजजी समोर आले का हे उभे राहत, नजर खाली, आवाज खाली. त्याईच्या पायातल्या वहाणा हे हातानं उचलून ठेवत. मी नवी नवरी होती तवा मले त्याचं हसू ये.

मंग कापसाचे दिवस आले. तुही सासू सांगत असन तुले. विलायतेपल्याड कुठं लढाई लागली अन् इकडं आपल्या कापसाले सोन्याचा भाव आला. अकोटात पाय ठेवायले जागा नाही, गाड्याच गाड्या. बायाईले रेच्यावर सरकी काढायची मजुरी इतकी मिळे का पाटलाच्या सुना बी रेचा घेऊन बसल्या. मी बी बसली. पण हाफिजजीईच्या मक्तबातले, त्या पडवीतल्या शाळेतले, पोट्टे एक एक करून निसटले. कोणी गाडी हाकायले गेला, कोणी दलालाच्या वखारीत. हाफिजजीईचा दौराचा जोडीदार, त्याईच्याच वयाचा, तो बी लेकाच्या मांगं अमरावतीले गेला, लेक तिथं कापसाचा दलाल झाला म्हणून. मक्तबात राहिले दोन, एक हे अन् दुसरा अब्दुल गफ्फार, सिताराचा नवरा.

हाफिजजीईच्या डोळ्यात मोतीबिंदू उतरला होता. कुराण उघडून पाहणं बंद. जोडीदार गेला त ऐकणारं बी कोणी राहिलं नाही. चेल्यापुढं उस्ताद म्हणून दाखवते का कधी? उस्ताद ऐकते, चेला म्हणते. तेव्हा म्हातारा आपल्या आपल्यात पुटपुटत राहे. त्यात कुठं काय हललं, कोणाले कळावं?

त्याच साली अमरावतीच्या दलालाईनं नवी मशीद बांधली. पैसा हाती खुळखुळून राहिला होता, म्हणले आपल्याले हाफिज बी अव्वल पाहिजे. बुऱ्हाणपूरचे एक मोठे कारीसाहेब, कुराण शुद्ध म्हणण्यातले जाणकार, बोलावले इम्तिहान घ्यायले. त्याईची रीत अशी, का कुराणातून कुठूनही चार शब्द उचलायचे अन् म्हणायचे, चाल पुढं. कुठं म्हणजे कुठंही. एका बैठकीत पुरं कुराण तपासल्या जाये. जो पास होईन त्याले भर मजलिशीत पगडी बांधतीन, मशिदीत राहायले जागा, सालभराचा धान-कपडा. पिंजाऱ्याच्या घरात आजवर कोणाच्या डोक्यावर तशी पगडी आली नव्हती. हाफिजजी म्हणले, "इनायत, ह्या साली तू जाशीन. पुढच्या साली गफ्फार."

काय सांगू तुले ती तयारी! मी आंगणात रेचा फिरवू, हे माह्यासमोर जोत्यावर बसून म्हणत. रेच्याची कुरकुर इकडं, ह्याईचा आवाज तिकडं. मले माह्या बापानं कुराण पाहून वाचायले शिकवलं होतं. अर्थ कळत नाही, पण बोट ठेवून वाचता येते. ते मले म्हणत, "आबेदा, कुठूनही उघड अन् अर्धी ओळ वाच." मी हात धुऊन ये, उघडू, वाचू, अन् हे पुढं सुटत. जेवताना तेच, चालताना तेच. एकदा मी चुलीपाशी म्हणलं, "अजी, भाकर जळून राहिली, जरा पाहता का?" त हे डोळे मिटून पुढची आयत म्हणायले लागले. भाकर त जळलीच. मी म्हणलं, "कारीसाहेब भाकर इचारतीन त काय सांगसान?" त्या दिवशी दोघं लय हसलो.

आता ज्या जागेवर सगळं झालं ती सांगते. कुराणात काही काही जागा एकसारख्या आहेत. दोन ठिकाणी शब्द तेच ते येतात, अन् मंग रस्ता फुटते. आपल्या इथून नाही का गाडी निघते, काही दूर रस्ता एकच, मंग एक फाटा हिवरखेडले अन् एक तेल्हाऱ्याले. गाडीवान झोपेत असला का बैल भलत्याच फाट्यानं जातात. हाफिज लोक अशाच फाट्यावर चुकतात. हाफिजजीईनं डोळे धड होते तवाच ह्याईले अशा सगळ्या जागा वेगळ्या घोकवल्या होत्या. त्यातली एक त मले बी पाठ झाली, रेचा फिरवता फिरवता. इतक्या वेळा ती ह्याईनं म्हणली.

इम्तिहानाले हाफिजजी स्वतः संग गेले, बैलाच्या दमणीत बसून. मी गेली नाही. पण काय झालं ते ह्याईनं मले वापस आल्याच्या दुसऱ्या दिवशी शब्दान् शब्द सांगतलं. मशीद दलालाईनं भरलेली. पुढं कारीसाहेब, समोर हे, अन् बाजूले मानाच्या जागेवर हाफिजजी. कारीसाहेब इकडून इचारत, तिकडून इचारत, हे पुढं पुढं म्हणत. कुठं अडले नाहीत. लोक माना डोलवायले लागले. शेवटी कारीसाहेबाईनं तीच जागा काढली. हे फाट्यापर्यंत आले अन् बरोबर वळले. तवा बाजूनं हाफिजजी मोठ्यानं म्हणले, "अं हं."

हे थांबले.

हाफिजजी पुन्हा म्हणले, "अं हं, इनायत. मागून घे."

ह्याईले ठाऊक होतं का आपण बरोबर आहो. रत्तीभर शंका नव्हती. समोर कारीसाहेब काहीच बोलले नाहीत, नुसते पाहत राहिले. आता हे तसेच पुढं गेले असते, त कारीसाहेब "शाबास" म्हणले असते, अन् सगळ्या मजलिशीले कळलं असतं का उस्तादच चुकला. ज्यानं ताटात जेवू घातलं तो. हे मागं आले, पुन्हा म्हणले, अन् फाट्यावर आल्यावर हाफिजजीईच्या रस्त्यानं गेले. जाणून बुजून चुकले. कारीसाहेबाईनं हात वर केला. म्हणले, "कच्चं आहे." पगडी एलिचपूरच्या एका हाफिजाले बांधल्या गेली.

पण ऐक, पुढं आहे. लोक पांगल्यावर कारीसाहेबाईनं ह्याईले बाजूले घेतलं. म्हणले, "तू बरोबर होता, मले ठाऊक आहे. म्हणूनच तुले नापास केलं. बरोबर असून जो सोडून देते, त्याच्यामांगं मी लोक कसे उभे करू?" अन् म्हणले, "तुह्या उस्तादाले मी काही बोललो नाही, त्याईच्या पांढऱ्या दाढीची लाज राखली. पण तू घरी जाऊन एकटं असताना सांग. ते तुहं काम." हे "हो" म्हणून आले.

वापस येताना दमणीत दोघंच. अन् म्हातारा सगळा रस्ता ह्याईलेच बोलत राहिला. "ध्यान कुठं होतं तुहं? ती जागा किती वेळा घोकून घेतली मी? मी टोकलं म्हणून तरी लाज राहिली." तितक्यात एकदा जरी तोंड उघडलं असतं! ना लोक होते, ना मजलिस. गाडीवानाले काय समजते? पण हे खाली मान घालून ऐकत राहिले, अन् वर "माफ करा उस्ताद" म्हणले.

मले जवा सांगतलं तवा मी कुराण आणलं, जागा काढली, बोट ठेवून वाचली. हे बरोबर होते. माह्या आंगाचा भडका उडाला. म्हणलं, "जा, आत्ताच्या आत्ता जाऊन सांगा त्याईले." म्हणे, "सांगतो. त्याईचा जीव जरा शांत होऊ दे." मंग म्हणे, "ईद होऊ दे." मंग म्हणे, "त्याईची तब्येत ठीक नाही." मी रोज भांडू. एक दिवस म्हणे, "आबेदा, त्या माणसाजवळ काय राहिलं? डोळे गेले, पोट्टे गेले, जोडीदार गेला. एक कुराण आहे छातीत. ते बी हललं म्हणून मी सांगू?" मले त्याईची दया बी ये अन् टाळकं बी फिरे. अशा भल्या माणसासंग संसार करणं सोपं नाही, बाई.

अन् गाव काय गप बसते? कच्चा हाफिज, कच्चा हाफिज. पोट्टे मांगून म्हणत. हे कापूस पिंजायले लागले बापासारखे. रमजानात मांगच्या रांगेत उभे राहत.

पुढच्या हंगामात गफ्फारची तयारी सुरू झाली. भाव तवा उतरायले लागले होते, पण अमरावतीच्या लोकाईनं कारीसाहेबाले पुन्हा बोलावलं होतं. गफ्फार आमच्या आंगणात येऊन घोके, सितारा माह्याजवळ बसे. एक दिवस तो त्या जागेवर आला अन् सरळ चुकीच्या फाट्यानं गेला. ह्याईच्या हातातलं काम थांबलं. मी ह्याईकडे पाहिलं. हे म्हणले, "गफ्फार, ती जागा जरा उघडून पाय बरं."

गफ्फार म्हणे, "हाफिजजीईनं अशीच दुरुस्त करून देली."

"तरी पाय."

तो हसला. म्हणे, "भाईजान, तुमी त्याच जागेवर नापास झाले नं? अन् मले शिकवता?"

मी कुराण आणायले उठली, त सिताराच म्हणे, "भाभी, राहू द्या. उस्तादावर शक घेतला का बरकत जाते." ह्याईच्या तोंडाचा रंग उडाला. त्या पोट्ट्याले चुकीचं सांगतलं होतं ते हाफिजजीईनं, अन् हाफिजजीले चूक सांगतली नव्हती ती ह्याईनं. मी त्याईले आत नेऊन म्हणलं, "आता त जा! आता तुमची एकट्याची गोष्ट राहिली नाही." हे वहाणा घालून गेले बी. मशिदीच्या पडवीत जाऊन हाफिजजीईच्या पायाशी बसले, पाय चेपले, अन् वापस आले. म्हणे, "जीभच उचलली नाही."

गफ्फार गेला अमरावतीले. संग हाफिजजी. कारीसाहेबाईनं मुद्दाम तीच जागा काढली असन, कारण त्याईले पाहायचं होतं, उस्तादाले सांगतल्या गेलं का नाही. गफ्फार निधड्या छातीनं चुकला. अन् ह्या बारीले कारीसाहेबाले राग आवरला नाही. भर मजलिशीत हाफिजजीले म्हणले, "मियाँ, ही चूक ह्या पोट्ट्याची नाही, तुमची आहे. मागल्या साली एक जण ही जागा बरोबर म्हणत होता, त्याले बी तुमीच फिरवलं. तुमच्या हातून आणखी किती जण बिघडले?" म्हातारा तिथं सगळ्याईसमोर बसून राहिला. ज्या लाजेतून त्याईले वाचवायले ह्याईनं पगडी सोडली होती, ती लाज दुप्पट होऊन त्याईच्या पदरी पडली.

अकोटात बातमी यायले कितीक वेळ लागते? दोन-चार लहान पोट्टे मक्तबात नवीन यायले लागले होते, त्याईच्या बापाईनं काढून घेतले. पडवी ओस पडली. सितारा आमच्या दारात येऊन उभी राहिली, आत आली नाही. म्हणे, "भाईजान, तुमाले ठाऊक होतं. तुमी माह्या नवऱ्याले तसंच जाऊ देलं." ती तशीच वापस गेली, अन् लय साल आमच्या घरचं पाणी पिली नाही.

मंग एक दिवस दुपारी हाफिजजी आमच्या घरी आले. काठी टेकत, भिंत चाचपत, एकटे. उस्ताद चेल्याच्या घरी आला, हे आमच्या घरात कधी झालं नव्हतं. हे धावत गेले, हात धरला, बाजेवर बसवायले लागले. ते बाजेवर बसले नाहीत. खाली चटईवर बसले, ह्याईच्या बरोबरीनं. मी आतल्या खोलीत पडद्यामांगं.

म्हणले, "इनायत, तुले ठाऊक होतं?"

हे म्हणले, "हो."

"मंग मले काहून नाही सांगतलं रे?"

हे चटईच्या काड्या मोडत राहिले.

"मी तुले कायले शिकवलं? मी चुकलो त कोणी टोकायले पाहिजे म्हणूनच नं? जोडीदार गेला तवा मी मनात म्हणलं, काही हरकत नाही, इनायत आहे."

मले आत हुंदका आला, मी पदर तोंडात धरला. ह्याईच्या डोळ्याले धार लागली होती. हाफिजजीईले ते दिसलं नाही.

मंग म्हातारा मांडी घालून सरळ बसला, जसे लहान पोट्टे उस्तादापुढं धडा म्हणायले बसतात तसा. म्हणला, "झालं ते झालं. आता ऐक माहं. मी म्हणतो. जिथं चुकलो तिथं टोक. मले ती जागा नीट करून घ्यायची आहे. मरायच्या आधी." अन् त्याईनं सुरू केलं. आवाज कापत होता, पण अजून गोड होता. जागा जवळ आली. फाटा आला. अन् ते पुन्हा त्याच चुकीच्या रस्त्यानं गेले. त्याईले ठाऊक होतं का इथं चुकते, तरी जीभ तिकडंच गेली. चार शब्द पुढं जाऊन थांबले. तोंड ह्याईकडे केलं, अन् वाट पाहायले लागले.

हे खाली पाहत राहिले. ओठ हलले, आवाज नाही. मी पडद्यामागून मनात म्हणून राहिली होती, बोला, अल्लाच्या वास्ते बोला. म्हातारा आपला वाट पाहून राहिला. पुन्हा मागून घेतलं, पुन्हा तिथंच गेले, पुन्हा थांबले. हे बोलले नाहीत. मंग माह्याच्यानं राहवलं नाही. ती जागा मले पाठ होती, मी पडद्याआडून म्हणली. बरोबर, जशी आहे तशी.

हाफिजजीईनं मान हलवली. म्हणले, "बरोबर आहे, बेटी. अल्ला तुले बरकत देवो." मंग काठी चाचपली, भिंतीले धरून उठले. दारात थांबून म्हणले, "पण मी तुह्याजवळ आलो नव्हतो."

हे त्याईच्या वहाणा घेऊन मांगं धावले. म्हाताऱ्यानं त्या हातात घेतल्या अन् अनवाणीच गेले. त्या पावसाळ्यातच ते वारले. शेवटपर्यंत आमच्या घरी आले नाहीत, अन् हे रोज गेले तरी पुन्हा म्हणून दाखवलं नाही.

त्यानंतर हे दर जुम्म्याले कब्रस्तानात जात. मले वाटे, नुसती दुवा मागत असतीन. एक बार मी फुलं घेऊन मांगं गेली, त कबरीसमोर गुडघे मोडून बसलेले, अन् तीच जागा म्हणून राहिले होते. फाट्यापर्यंत येत, बरोबर वळत, मंग म्हणत, "उस्ताद, इथून असं आहे." पुन्हा मागून घेत. चांगला खणखणीत आवाज, पार वडाच्या झाडापर्यंत ऐकू जाये. मी म्हणलं, "अजी, आता कोणाले ऐकवता?"

त मले म्हणे, "आबेदा, आता आवाज निघते माहा."

मले इतका राग आला, सुभद्रे, का फुलं तिथंच टाकली. अन् मंग रडू आलं.